सोलापुरात वेगळेपणाला जागा कशी मिळाली

सोलापूरविषयी काहीही लिहायला घेतलं की 'मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू भाषक इथे गुण्यागोविंदाने नांदतात' हे वाक्य येतंच. ते खोटं नाही, पण हे कसं जमलं ते त्यातून कळत नाही. इथे कोणी आपली ओळख सोडून दुसऱ्यात मिसळला, असं फारसं झालेलं नाही. प्रत्येकाला एक जागा नेमून मिळाली: काठीचा मान, पेठ, शाळा, रथ. ज्यांना अशी जागा मिळाली नाही त्यांच्या वाट्याला काय आलं, हेही याच शहरात पाहता येतं.

या व्यवस्थेचा सगळ्यात जुना नमुना म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, गड्ड्याची यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी विवाह व्हावा अशी एका कुंभारकन्येची इच्छा होती. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. तोच विवाह दरवर्षी संक्रांतीला होतो. भोगीला शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता, किंक्रांतीला होम मैदानावर होमप्रदीपन, त्यानंतर शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी, असा पाच दिवसांचा क्रम असतो. मानाचे नंदीध्वज सात. पहिला मानकरी हिरेहब्बू घराण्याकडचा, मधले वेगवेगळ्या घराण्यांचे आणि समाजांचे, शेवटचे मातंग समाजाचे. ही उंच काठी एका माणसाने तोलून चालवायची असते. तोल गेला तर काठी गर्दीवर पडेल, म्हणून सराव यात्रेच्या बराच आधी सुरू होतो. नंदीध्वज धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत असतात. पोशाखावरून कोण कुठल्या जातीचा, ते ओळखता येत नाही. अक्षतांच्या वेळी म्हटलं जाणारं संमतीवचन कन्नडमध्ये असतं आणि अक्षता टाकणाऱ्यांत मराठी घरंही मोठ्या संख्येने असतात.

कौतुक इथपर्यंत. पण मानाचा क्रम हा क्रमच असतो. पहिला पुढे, सातवा मागे, आणि ही जागा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. मातंग समाजाची काठी नसेल तर मिरवणूक पूर्ण होत नाही, हे खरं. पण मिरवणुकीत काठीला हात लागला म्हणून एरवी घराचं दार उघडतं, असं समजायचं कारण नाही. सणातली मान्यता आणि रोजच्या व्यवहारातली मान्यता यांची गल्लत झाली की सोलापूरबद्दलचे बरेचसे निष्कर्ष चुकतात.

दुसरी मोठी भर विणकरांची. माधव पेठेसारख्या वस्त्या पेशवाईत विणकरांमुळे वाढल्या. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली आणि त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनात मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं इथे येत राहिली आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. मागाचं काम घरातच चालायचं: पुरुष मागावर, बायका आणि मुलं कांड्या भरायला. घरातली भाषा तीच कामाची भाषा राहिली, त्यामुळे ती टिकली. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. जकार्ड बसवून नक्षीच्या चादरी आणि टेरी टॉवेल निघू लागले, पण बरेच कारखाने घराला लागूनच राहिले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. नवरात्रात बतुकम्माची फुलं रचली जातात. चार पिढ्यांपूर्वी सुटलेल्या गावाची ही खूण असली, तरी तिच्यासाठी रस्ता, वेळ आणि पोलीस बंदोबस्त सोलापूरनेच राखून ठेवला आहे.

गिरणी आपोआप भेद मिटवते, हाही एक आवडता समज. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाच्या, छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्ट्याचा विटाळ नको म्हणून विणकाम खात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यंत्र नवं असलं तरी ते कोणी चालवायचं हे जुन्याच रिवाजाने ठरत होतं.

सोलापुरात याहून कडक गोष्ट घडली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई प्रांतालाही लागू झाला आणि त्याखाली काही जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा समाजांना शहराजवळ तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आलं. ही 'सेटलमेंट'. दिवसातून ठरावीक वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, न सांगता गैरहजर राहिलं तर शिक्षा. गिरण्यांना मात्र यातून हुकमी मजूर मिळाले. काठीच्या क्रमात सर्वांत शेवटची का होईना, जागा असते. इथे जागा म्हणजे पहारा होता. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या कायद्यातून सुटलेल्या समाजांना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव मात्र पत्त्यात राहिलं, आणि नोकरीच्या अर्जावर तो पत्ता वाचून वागणूक बदलते, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

राजकारणात चित्र थोडं वेगळं दिसतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार नावांत चार समाज आहेत. चार हुतात्म्यांचे पुतळे एकाच चौकात आहेत, आणि भाषणात सोलापूरच्या एकोप्याचा दाखला द्यायचा तर बोट तिकडेच जातं. तो दाखला खराच आहे. फक्त तो संकटाच्या काळातला आहे.

भाषेची कसोटी पुढे लागली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सोलापूर द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिलं आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नडभाषक भागाचा प्रश्न पुन्हा काढला, तो आजही अधूनमधून डोकं वर काढतो. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नाही. ती राज्यांना वाटते. महापालिकेने मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या शाळा चालवल्या, ही व्यवस्था फार मोलाची. पण शाळा भाषेला जागा देते, नोकरी देत नाही. कारखान्यातलं काम कमी झालं तसं पालकांचं लक्ष इंग्रजी आणि सेमी-इंग्रजीकडे वळलं.

एका ठिकाणी मात्र जागा जातीने किंवा भाषेने ठरली नाही. विडी कामगार बायका तेंदूपत्ता भिजवतात, पत्र्याच्या मापाने कापतात, तंबाखू भरून धाग्याने बांधतात आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेतात. तपासणीत माल छाटला गेला की नुकसान बाईचं. या बायका संघटित झाल्या आणि त्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकर घरकुलाची दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये त्यांचं वाटप झालं. घर मिळालं ते विडी वळते म्हणून. तेलुगू, मराठी, कन्नड आणि मुस्लिम कुटुंबं अशी घरांच्या एकाच ओळीत शेजारी आली.

विमुक्तांच्या जागेचा प्रश्न अजून कागदावर अडतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींचा वेगळा प्रवर्ग आणि तीन टक्के आरक्षण आहे. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. फिरस्त्या कुटुंबाकडे त्या काळचा शाळेचा दाखला किंवा सातबारा नसतो. असलाच तर आजोबांच्या कागदावर 'भामटा' आणि वडिलांच्या कागदावर 'टकारी' असतं, आणि पडताळणी समिती नेमकी त्या फरकावर बोट ठेवते. अशा वेळी अर्जाबरोबर वंशावळीचं शपथपत्र, आजोबा-चुलत्यांकडचे जुने कागद आणि रक्ताच्या नात्यातल्या कोणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडावं, शिवाय गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन केल्या जाणाऱ्या चौकशीची, मागणी लेखी करावी. तोंडी केलेली मागणी नोंदीत येत नाही.