‘सामायिक घर’ : दोन शब्दांची चौदा वर्षं

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा विषय निघाला की बोलणं २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ वर येऊन थांबतं. ते १९८३ चं. त्याने छळाला गुन्हा ठरवलं, पण तक्रार देऊन आलेल्या बाईने त्या रात्री राहायचं कुठे, हे त्यात नव्हतं. ते आलं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या कायद्यात. कलम १७ म्हणतं, मालकी असो वा नसो, सामायिक घरात, म्हणजे कुटुंबासोबत ती राहते किंवा राहिली आहे त्या घरात, राहण्याचा तिला हक्क आहे. माझ्या मते या कायद्याचा प्राण इथेच आहे.

कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ‘सामायिक घरा’चा अर्थ आवळला. नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं, किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाच्या मालकीचं, तेवढंच घर सामायिक. प्रकरणातलं घर सासूच्या नावावर होतं. सुनेचा हक्क संपला. नाहीतर जोडपं जिथे जिथे राहिलं त्या प्रत्येक घरावर सून दावा सांगेल, ही न्यायालयाची चिंता होती. पण घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असणं ही आपल्याकडे नेहमीचीच गोष्ट. नवऱ्याने दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं आणि त्याच्या आईवडिलांनी सुनेविरुद्ध घर खाली करून मागायचं, एवढी वाट पुरेशी झाली. मारहाण झाली की नाही हा प्रश्न मागे पडायचा, सातबारा आणि खरेदीखत पुढे यायचं.

१५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचं घरही सामायिक असू शकतं, मात्र तिथला मुक्काम पाहुणीसारखा नव्हे, काहीसा कायमचा हवा. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांत जगण्याचाही तोल राखायला सांगितलं. गरज पडल्यास सुनेला पर्यायी निवारा देता येतो. त्याच डिसेंबरात आणखी एक पळवाट अरुंद झाली : ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचा आधार घेऊन सुनेचा निवासाचा हक्क मोडता येणार नाही.

दरम्यान २०१६ मध्ये २००५ च्या कायद्यातल्या ‘प्रतिवादी’च्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याच्या, व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द गेले, म्हणून कुठल्याही पीडित स्त्रीला घरातल्या स्त्रियांविरुद्धही दाद मागता येऊ लागली. मे २०२२ च्या निकालाने विधवा सुनेचा प्रश्न सोडवला. छळाच्या वेळी ती त्या घरात प्रत्यक्ष राहत नसली, तरी राहण्याचा हक्क मागू शकते.