टेक्सासचा हँडगन परवाना : पात्रतेच्या अटी आल्या कुठून

टेक्सासमध्ये हँडगन बाळगण्याचा परवाना कोणाला मिळतो, हे राज्याच्या गव्हर्न्मेंट कोडमधले कलम 411.172 सांगते. गुन्हेगारी पार्श्वभूमी, व्यसन, मानसिक आजार या अटी तिथे असणार हे कोणालाही अपेक्षित असते. पण त्याच यादीत चाइल्ड सपोर्टची, म्हणजे वेगळे राहणाऱ्या पालकाने मुलाच्या संगोपनासाठी द्यायच्या पैशांची, थकबाकी आहे, कराची थकबाकी आहे. या गोष्टींचा कमरेच्या पिस्तुलाशी काय संबंध, असा प्रश्न पडतो. संबंध आहे तो इतिहासाचा. ही यादी सव्वाशे वर्षांची बंदी उठवताना झालेल्या राजकीय देवाणघेवाणीतून जन्मली आणि पुढे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनांत घासली गेली. कोणती अट कशासाठी आली हे लक्षात घेतले, तर अर्ज नेमका कुठे अडकतो तेही समजते.

टेक्सास म्हणजे पहिल्यापासून बंदुकांना मोकळे रान, ही समजूत चुकीची आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या कारकिर्दीत, आधी 1870 साली चर्च, शाळा, नाचाचे कार्यक्रम आणि मतदानाच्या जागा इथे शस्त्र नेण्यावर बंदी आली. मग एप्रिल 1871 मध्ये अंगावर, खोगिराला किंवा खोगिराच्या पिशवीत पिस्तूल बाळगणे हाच गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला 25 ते 100 डॉलर दंड होता. स्वतःच्या घरात वा जागेत असलेल्याला सूट होती, प्रवाशाला होती आणि ज्याच्यावर तत्काळ हल्ला होण्याची रास्त भीती आहे त्यालाही होती. पुनर्रचनेचा काळ संपला, डेव्हिस गेले, 1876 साली नवे राज्यघटनापत्र आले; तरी बंदी टिकली. नव्या घटनेच्या पहिल्या प्रकरणातील कलम 23 ने नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आणि त्याच वाक्यात, गुन्हे रोखण्याच्या हेतूने शस्त्र अंगावर वागवण्याचे नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाकडे ठेवला. पुढची सगळी परवाना पद्धत याच अर्ध्या वाक्यावर उभी आहे.

त्यामुळे 1995 पर्यंत टेक्सासमधला सामान्य माणूस घरात हवी तेवढी पिस्तुले ठेवू शकत होता, पण एक खिशात घालून बाजारात जाऊ शकत नव्हता. ‘प्रवासी’ कोणाला म्हणायचे, यावर न्यायालयांत शतकभर वाद चालले. एक काउंटी (जिल्हा) ओलांडली की प्रवास, की दोन? रात्री मुक्काम हवा का? याचे ठाम उत्तर कधी मिळाले नाही.

बंदीविरुद्धची चळवळ 16 ऑक्टोबर 1991 ला पेटली. किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका बंदूकधाऱ्याने 23 जणांना ठार मारले. आईवडिलांसोबत जेवायला आलेल्या सुझॅना ग्रेशिया हप यांनी कायदा पाळून आपली रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत ठेवली होती. आईवडील दोघेही त्या हल्ल्यात मारले गेले. त्यानंतर त्यांनी विधिमंडळात आणि राज्याराज्यांत जाऊन साक्ष दिली. 1993 साली विधिमंडळाने या प्रश्नावर जनमत घेण्याचे विधेयक मंजूर केले. गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी ते नकाराधिकार वापरून फेटाळले. 1994 च्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवाना कायद्यावर सही करण्याचे आश्वासन दिले आणि रिचर्ड्स यांना हरवले. सिनेटर जेरी पॅटरसन यांचे सिनेट बिल 60 बुश यांनी मे 1995 मध्ये मंजूर केले. 1 जानेवारी 1996 पासून परवाने लागू झाले.

टेक्सासने फ्लोरिडाच्या 1987 च्या कायद्याची वाट धरली. अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल; ‘तुला गरज काय’ असे अधिकारी विचारू शकणार नाही. न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट होते. तिथे अर्जदाराला खास कारण दाखवावे लागे आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. मर्जी काढून घ्यायची तर गाळणी अटींचीच हवी. टेक्सासची यादी इतकी लांब आणि इतकी तपशीलवार आहे ती म्हणून. विरोधकांची भीती शमवण्यासाठी शक्य तेवढे कलमात लिहिले गेले. चाइल्ड सपोर्ट आणि कराची अट त्याच भावनेतून आली : ज्याला सार्वजनिक जागी शस्त्र वागवण्याची मुभा द्यायची, त्याने इतर कायदेशीर जबाबदाऱ्याही पाळलेल्या असाव्यात. सुरुवातीला सरकारी हमीच्या शैक्षणिक कर्जाची थकबाकीही यादीत होती. ती पुढे वगळली. माझ्या मते ही वसुलीची कलमे सुरक्षिततेसाठी कधीच उपयोगी नव्हती, पण 1995 मध्ये मते जुळवायला ती कामी आली.

गुन्ह्यांच्या अटी नीट वाचाव्या लागतात. फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी, अर्जदाराला कायमची बाद करते. क्लास ए किंवा क्लास बी मिस्डिमीनर, म्हणजे फेलनीपेक्षा कमी गंभीर गुन्हा, अर्जाच्या तारखेआधीच्या 5 वर्षांत झालेले नसावे. क्लास ए म्हणजे जास्तीत जास्त 1 वर्ष तुरुंग आणि 4,000 डॉलर दंड. क्लास बी म्हणजे 180 दिवस आणि 2,000 डॉलर. वेगाने गाडी चालवल्याचे चलन क्लास सी, त्याने अडत नाही. पण दंड संहितेतील कलम 42.01, म्हणजे सार्वजनिक शांतताभंग, क्लास सी असले तरी मुद्दाम नाव घेऊन यादीत घातले आहे, कारण मारामारी आणि शस्त्र दाखवून घाबरवणे त्याच कलमात बसते. खटला प्रलंबित असेल तरी अर्ज थांबतो. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा साधारणपणे क्लास बी, म्हणून 5 वर्षे थांबायचे. दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित क्लास बी वा वरचे असे दोन गुन्हे 10 वर्षांत असतील, तर कायदा त्या माणसाला व्यसनाधीन मानतो, मग तो आज थेंबही घेत नसला तरी.

सर्वांत जास्त अर्ज बिघडवणारी गोष्ट डिफर्ड अ‍ॅड्ज्युडिकेशन. न्यायाधीश दोषी ठरवणे पुढे ढकलतात, अर्जदार देखरेखीचा काळ पुरा करतो आणि खटला रद्द होतो. वकील सांगतात, ‘तुझ्यावर दोषसिद्धी नाही,’ आणि इतर बहुतेक कामांसाठी ते खरेही असते. परवाना कायद्यात मात्र ‘दोषी’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या आहे आणि तीत असा आदेशही धरला जातो. आदेशाला 10 वर्षे झाली की सूट मिळते, पण हिंसक फेलनी आणि दरोडा अशा गुन्ह्यांना ती सूट नाही. लोक अर्जात हा जुना प्रकार लिहीतच नाहीत. बोटांचे ठसे गेले की तो बाहेर येतो, आणि महत्त्वाची माहिती लपवणे हे अपात्रतेचे वेगळे कारण आहेच. जुनी अटक असेल, तर खटल्याचा निकाल दाखवणारी न्यायालयाची प्रमाणित प्रत अर्जासोबतच जोडावी. राज्याच्या नोंदीत अटक दिसते, निकाल दिसत नाही, आणि अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहतो. असे वरचेवर होते.

यादीतले सर्वांत लहान वाक्य सर्वांत वजनदार आहे : अर्जदार संघराज्य आणि राज्य या दोन्ही कायद्यांनुसार हँडगन विकत घेण्यास पात्र असावा. या एका वाक्यामुळे वॉशिंग्टनचा सगळा कायदा टेक्सासच्या अर्जात शिरतो. 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टची प्रतिबंधित व्यक्तींची यादी आली. 1996 च्या लॉटनबर्ग दुरुस्तीने कौटुंबिक हिंसेच्या मिस्डिमीनरलाही सहसा आयुष्यभराची बंदी जोडली, त्यामुळे राज्याची 5 वर्षे उलटली तरी असा अर्जदार अपात्रच राहतो.

1998 साली आणखी एक भर पडली, आणि ती ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमधल्या मराठी कुटुंबांना थेट लागू आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच मनाई झाली. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 हे सगळे त्यात येतात. मनाई केवळ खरेदीला नाही. मित्राची पिस्तूल रेंजवर हातात घेणेही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. मुख्य अपवाद अमेरिकेतील राज्याने दिलेल्या वैध शिकार परवान्याचा आहे. उल्लंघनाला 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे आणि बंदुकीशी संबंधित गुन्हा देशाबाहेर काढले जाण्याचे कारण ठरतो. एच-1बीवर राहून वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेला माणूस कर भरतो, घर घेतो, तरी या बाबतीत पाहुणाच राहतो. ग्रीन कार्ड हातात पडले की ही अडचण संपते. नागरिकत्वाची अट नाही.

प्रशिक्षणाची अट सर्वाधिक सैलावली. मूळ कायद्यात 10 ते 15 तासांचा वर्ग होता. 2013 मध्ये तो 4 ते 6 तासांवर आला, 2017 पासून वर्गाचा भाग ऑनलाइन करता येतो. त्याआधी परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक आणि इतर असे गट असत. रिव्हॉल्व्हरवर परीक्षा दिलेल्याला सेमी-ऑटोमॅटिक बाळगता येत नसे. तो भेद 2013 ला गेला, आणि परीक्षेसाठी किमान .32 कॅलिबरची अट 2017 ला. नेमबाजीची परीक्षा मात्र रेंजवर प्रत्यक्ष द्यावी लागते : 50 गोळ्या, त्यांपैकी 20 तीन यार्डांवरून, 20 सात यार्डांवरून, 10 पंधरा यार्डांवरून. एकूण गुण 250, उत्तीर्ण व्हायला 175. पिस्तूल कधी हातात न धरलेल्यांचे गुण 15 यार्डांवर जातात. त्यांनी आधी जवळच्या दोन टप्प्यांतले गुण पक्के करावेत, कारण तिथल्या 40 गोळ्यांचेच 200 होतात. लेखी परीक्षेत 70 टक्के लागतात आणि प्रश्न मुख्यतः बळाचा वापर कधी कायदेशीर ठरतो, वाद कसा टाळावा आणि शस्त्र घरी सुरक्षित कसे ठेवावे यांवर असतात.

शुल्क 1996 ला 140 डॉलर होते. 2017 च्या सिनेट बिल 16 ने ते 40 वर आणले. अर्ज डीपीएसकडे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे, ऑनलाइन भरायचा, शुल्क द्यायचे, मग कंत्राटदाराच्या केंद्रावर ठसे द्यायचे, शेवटी वर्ग आणि रेंजचे प्रमाणपत्र चढवायचे. पहिला परवाना साधारण 4 वर्षांचा, नूतनीकरण 5 वर्षांचे. नकार आला तर 30 दिवसांच्या आत सुनावणी मागावी लागते, आणि ती जस्टिस ऑफ द पीसच्या स्थानिक न्यायालयात होते. मुदत चुकली तर नकार कायम होतो.

मधल्या काळात परवान्याचे रूप बदलत गेले. 2007 पासून स्वतःच्या गाडीत, नजरेआड ठेवलेल्या हँडगनला परवाना लागेनासा झाला. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) शस्त्र उघडपणे बाळगू शकला, म्हणून ‘कन्सील्ड हँडगन लायसन्स’ हे नाव जाऊन ‘लायसन्स टु कॅरी’ आले. त्याच वर्षी ऑगस्टपासून सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारकांना प्रवेश मिळाला.

मोठा बदल 1 सप्टेंबर 2021 ला झाला. हाऊस बिल 1927 नुसार 21 वर्षांवरील, कायद्याने प्रतिबंधित नसलेल्या माणसाला हँडगन बाळगायला परवानाच लागत नाही. वर्ग नाही, ठसे नाहीत, नेमबाजीची परीक्षा नाही. फेलनीवाल्यांना आणि मागच्या 5 वर्षांत मारहाण, धमकी यांसारखे ठरावीक गुन्हे केलेल्यांना मात्र ही सूट नाही. परिणाम विचित्र झाला : चाइल्ड सपोर्ट थकवलेल्याला परवाना मिळत नाही, पण तो परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरू शकतो. सर्वांत जास्त गमावले ते प्रशिक्षणाने. 4 तास थोडेच होते, पण बळाच्या वापराचा कायदा बहुतेकांना पहिल्यांदा तिथेच ऐकायला मिळत असे.

वयाची अटही डगमगली. अट होती 21 ची, सैन्यातल्यांना 18 ची. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची मर्जीची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि टेक्सासप्रमाणे ठरलेल्या अटींवर चालणाऱ्या पद्धतींना हात लावला नाही. पण त्याच निकालाच्या आधारे ऑगस्ट 2022 मध्ये फोर्ट वर्थच्या संघराज्य न्यायालयाने 18 ते 20 वयोगटावरची टेक्सासची बंदी रद्द केली, आणि राज्याने अपील मागे घेतले.

तरीही परवाना घेण्याला कारणे उरली आहेत. संघराज्य कायद्यानुसार शाळेपासून 1,000 फुटांच्या आत बंदूक नेण्याला मनाई आहे आणि त्यातून राज्याचा परवानाधारक वगळला आहे. मुलांना शाळेत सोडणाऱ्या पालकाने हे लक्षात ठेवावे. परवाना दाखवला की खरेदीच्या वेळी दुकानातली पार्श्वभूमी तपासणी वेगळी करावी लागत नाही. विद्यापीठाच्या आवारात तो लागतोच. आणि टेक्सासची हद्द ओलांडून परवाना मानणाऱ्या दुसऱ्या राज्यात जायचे असेल, तर 411.172 ची यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून लागू होते.