घाडी बोलतो, फादर बोलत नाही

आमच्या घरी 'द एक्झॉर्सिस्ट', झपाटलेल्या पोरीचं भूत काढणाऱ्या फादरांचा इंग्रजी सिनेमा, पहिल्यांदा लागला तो मे महिन्यातल्या एका रात्री, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. घर वेंगुर्ले तालुक्यातलं. माजघरात चटया पसरलेल्या, बाहेर सुरूच्या बनातून वारा. मुंबईहून सुट्टीला आलेली आम्ही पोरं एकमेकांच्या पाठीमागे लपून बघत होतो. आत्या मात्र सुपात घेतलेल्या फणसाच्या आठळ्या सोलत निवांत बसली होती. पडद्यावर दोन फादर पलंगाशी उभे राहून पुस्तकातलं वाचतायत, पवित्र पाणी शिंपडतायत, पोरगी तोंडाला येईल ती घाण ओकतेय. आत्या एकदम वैतागली. "अरे, आधी तेका इचारा तरी, काय व्हया म्हणान! नुसता पाणी शिपडतत!"

घाडी म्हणजे आमच्याकडे गावातली भूतबाधा निस्तरणारा माणूस. तिच्या लेखी ते दोघे किरिस्तांवांचे घाडी होते, फक्त कामात कच्चे. पुढे मला कळलं की निम्मं कोकण असंच समजतं. आणि उलटीही चूक होते. शिमग्यात किंवा जत्रेत कुणाच्या अंगात वारं आलं की शहरातला पाहुणा मोबाइल काढून कुजबुजतो, "एक्झॉर्सिझम चाललाय वाटतं." दोन्ही ठिकाणी माणूस थरथरतो, आवाज बदलतो, डोळे फिरतात. गल्लत व्हायला तेवढं पुरतं.

पाहुण्याची चूक आधी निकालात काढू, ती सोपी आहे. जत्रेत येतो तो अवसर. तो देवाचा. ज्याच्या अंगात यायचा तो आंघोळ करून, उपास धरून तयार असतो, ढोल वाजतात, गाऱ्हाणं घातलं जातं, मग देव येतो. त्याला कुणी हाकलत नाही. उलट लोक रांग लावून विचारतात: पोराची नोकरी, विहिरीचं पाणी, भावकीतला वाद. काम झालं की देव आपसूक जातो आणि अवसारी घामाघूम होऊन खांबाला टेकतो. कॅथलिक विधीत याच्या जोडीला ठेवावं असं काही नाही. तिथे संचार म्हणजे आक्रमणच.

खरा घोळ आहे तो झपाटण्यात. बाई तिन्हीसांजेला व्हाळाकडून, म्हणजे ओढ्याकडून, आली आणि तेव्हापासून जेवत नाही, पोरगा रात्रीचा उठून कुणाशी तरी बोलतो, अशा वेळी घाडी बोलावतात आणि सिनेमात फादर बोलावतात. काम एकच दिसतं. पण घाडी काय करतो ते नीट बघा. तो तांदूळ मांडतो, कौल घेतो आणि चौकशी सुरू करतो. कोण तू? खंयचा? कोणाच्या हद्दीतला? ह्या पोराच्या वाटेक कशाक गेलंस? काय व्हया? उत्तरं येतात. कुठे शेताच्या बांधावरचा मान चुकलेला असतो, कुठे निर्वंशी मेलेल्या चुलत आजोबाला पाणी मिळालेलं नसतं, कुठे नवीन घराचा पाया एखाद्या चाळ्याच्या, म्हणजे जागेतल्या भुताच्या, वाटेवर पडलेला असतो. मग घासाघीस चालते. त्याने बोकड मागावा, घाडी कोंबड्यावर आणतो. कधी नारळावरही निभावतं. तडजोड झाली की मान दिला जातो आणि त्याला जागा नेमून दिली जाते, ह्या माडाच्या मुळाशी, त्या मेरेवर, इथेच राहा, ह्यांना त्रास देऊ नको. भूत जात नाही. त्याची सोय लागते. महसूल खात्यात हद्दीच्या तक्रारी मिटवतात तसाच हा कारभार आहे, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही.

फादरच्या हातातलं पुस्तक ह्याच्या नेमकं उलट सांगतं. १६१४ साली रोममधून निघालेल्या 'रिच्युआले रोमानुम' ह्या विधिग्रंथात भूत काढण्याचं एक प्रकरण आहे. त्याच्या सूचना सुरू होतात त्या अशा की कुणाला सैतानाने पछाडलंय यावर पटकन विश्वास ठेवू नका. मग खुणा दिल्यात: न शिकलेली भाषा बोलणं, दूरच्या आणि गुप्त गोष्टी सांगणं, वयाला न शोभणारी ताकद. आणि मग ती सूचना, जी ऐकून आत्याने सूप बाजूला ठेवलं असतं: बोलण्यात गुंतू नका. नाव काय, किती जण आहात, कधी शिरलात, का शिरलात, एवढं कामापुरतं विचारा. कुतूहलापोटी एक शब्दही जास्त नको. सिनेमात म्हातारा फादर मेरिन तरुण फादर कॅरसला खोलीत शिरण्याआधी हेच बजावतो की सैतान खोटारडा आहे, खऱ्यात खोटं मिसळून बोलेल, ऐकू नकोस. कॅरस ऐकतो. त्याची आई नुकतीच वारलेली असते आणि सैतान त्या जखमेवरच बोट ठेवतो.

काय हवं, हा प्रश्न तिथे नाहीच. कारण त्या श्रद्धेनुसार समोर आहे तो उपाशी राहिलेला पूर्वज नव्हे, मान चुकलेला राखणदार नव्हे. तो देवाविरुद्ध उठलेला दूत आहे आणि त्याला हवं ते माणसाने द्यायचं नसतं. त्याला कोंबडा दिला तर ते पाप होईल. त्याला देवाच्या नावाने फक्त आज्ञा द्यायची, निघ. घाडी पंच आहे, फादर शिपाई आहे. तोही स्वतःच्या जोरावर नाही, वरच्या हुकमावर.

इथे आत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मार्कच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या मुलखात येशूला स्मशानात राहणारा झपाटलेला माणूस भेटतो. येशू त्याला नाव विचारतो. "सैन्य," असं उत्तर येतं, कारण आत पुष्कळ असतात. ते गयावया करतात, आम्हाला डुकरांच्या कळपात जाऊ दे. येशू जाऊ देतो, आणि सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात उडी घेतात. आमच्याकडच्या कुठल्याही घाड्याला ही गोष्ट अर्ध्यावर सांगा, उरलेली तो स्वतः सांगेल.

ह्या दोन दृष्टींची टक्कर एका शब्दात बघायची असेल तर तो शब्द देवचार. आमच्या बाजूला आणि खाली गोव्यातही हिंदू घरांत देवचार म्हणजे जागेचा राखणदार. रात्री काठी आपटत हद्दीवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, त्याला विडी, सोरो (दारू), रोट ठेवतात. घाबरतात त्याला, पण तो आपला. गोव्यातल्या कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिकाला विचारा, देंवचार म्हणजे सरळ सैतान, बायबलातला. एकच गाव, एकाच व्हाळाचं पाणी, एकच शब्द, आणि एकासाठी पहारेकरी तर दुसऱ्यासाठी शत्रू. मिशनऱ्यांना सैतानासाठी स्थानिक शब्द हवा होता, त्यांनी गावच्या चौकीदाराला उचलून त्या जागी बसवलं, असं मला वाटतं. बिचाऱ्याला कुणी विचारलंही नसेल.

मजा म्हणजे सिनेमानेही तेच केलंय. सुरुवातीला उत्तर इराकच्या उन्हात मेरिन एका पंखवाल्या पुतळ्यासमोर उभा राहतो. तो पझुझू, मेसोपोटेमियातला वाऱ्याच्या दुष्ट शक्तींचा राजा. त्याच्याकडे बघताना आपल्याला सैतानच दिसावा अशी ती चौकट आहे. पण इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात तिथल्या गरोदर बाया ह्याच पझुझूचं मुंडकं ताईत म्हणून बाळगत. का, तर लमाश्तू नावाची एक भयंकर बया बाळंतिणीच्या आणि तान्ह्या पोरांच्या मुळावर उठायची आणि तिला पिटाळायची ताकद पझुझूत होती. भुतांचा राजा आहे म्हणूनच भुतांपासून राखतो. हे कोकणी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आरवलीचा वेतोबा तोच आहे. वेताळ, भुताखेतांचा धनी, आणि म्हणूनच गावाचा रक्षक. रात्री गावभर फिरून त्याची पायताणं झिजतात म्हणून लोक नवस फेडायला त्याला हातभर लांबीच्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. पझुझू चुकून आरवलीला आला असता तर त्याच्या पायाचं माप घेतलं असतं.

बाकीचे फरक थोडक्यात. घाडी पिढीजात असतो आणि त्याला गाव ओळखतं. कॅथलिक धर्मगुरू कितीही भाविक असला तरी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय मोठा विधी करू शकत नाही, तसा चर्चच्या कायद्यातच नियम आहे. नियमावली १९९९ साली नव्याने निघाली, तीत आधी डॉक्टरांचा आणि मानसोपचाराच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा असं सांगितलंय आणि ह्या विधीचा तमाशा होऊ देऊ नये असंही. छोटा एक्झॉर्सिझम मात्र रोजचाच आहे. प्रत्येक बारशाला, म्हणजे बाप्तिस्म्याला, तान्ह्या पोरावर ती प्रार्थना होते आणि कुणाचंही डोकं गरगर फिरत नाही. एक गंमत: एक्झॉर्सिस्ट ही धर्मगुरूपदाच्या वाटेवरची एक जुनी पायरी होती, ती पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली रद्द केली. पुढच्याच वर्षी, १९७३च्या डिसेंबरात, विल्यम फ्रीडकिनचा हा सिनेमा लागला आणि मोडीत निघालेला शब्द जगभर झाला. कथेमागे १९४९मधल्या अमेरिकेतल्या एका मुलाचं प्रकरण होतं. कादंबरीत विल्यम पीटर ब्लॅटीने त्याची मुलगी केली.

दोन्हीकडे माणूस मरू शकतो, हेही खरं. जर्मनीत १९७६ साली २३ वर्षांची एक विद्यार्थिनी ६७ वेळा हा विधी झाल्यावर उपासमारीने गेली. तिला अपस्माराचं निदान आधीच झालेलं होतं. आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. आपल्याकडे भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी हे सगळं महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आमच्या वाडीतल्या एका मुलाला लहानपणी तसली धुरी दिलेली मी पाहिली आहे. त्याचा खोकला चार घरं पलीकडे ऐकू येत होता. पुढे तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेव्हा तो रात्रीचा झोपायला लागला. तडजोड करणारा घाडी मला आवडतो, धुरी देणारा नाही.

पण त्या रात्रीचं राहिलं. सिनेमाच्या शेवटी पुस्तक हरतं. मेरिन छाती धरून मरतो, पोरगी पलंगाला टेकून हसते, आणि कॅरसचा तोल जातो. तो तिला पकडून ओरडतो, हिला सोड, माझ्यात ये. ते येतं. त्याचा चेहरा पालटतो, क्षणभर तो परत स्वतः होतो आणि त्याच क्षणात खिडकीतून स्वतःला बाहेर फेकतो, थेट दगडी पायऱ्यांवरून खाली. विधिग्रंथात असं काही करायला सांगितलेलं नाही. आज्ञा संपली, अदलाबदल सुरू झाली. एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्यावर घालायचं आणि ते दुसरं गावाबाहेर टाकायचं.

आत्याच्या हातातली आठळी तशीच राहिली. "शेवटाक उतारोच काडलो मा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्या फादरकडे जरा आदराने बघितलं.

उतारा तिठ्यावर ठेवला की मागे वळून बघायचं नसतं, गुपचूप घरी यायचं. पडद्यावर मात्र दुसरा एक फादर गर्दीतून वाट काढत आला, रस्त्यावर पडलेल्या कॅरसचा हात त्याने हातात धरला आणि रडत रडत त्याला पापमुक्ती दिली. आत्याने ते बघितलं नाही. ती तोवर उठून दार नीट लागलंय की नाही बघायला गेली होती.