दोन कानांमधला रंगमंच

हेडफोन हे उपकरण मुळात संगीतासाठी जन्मलेले नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर आणि जहाजावरील बिनतारी संदेश टिपणारे कर्मचारी हे त्याचे पहिले धनी. 1910च्या सुमारास अमेरिकेतील युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन यांनी तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने घेतले, तेही याच कामासाठी. दोन कानांनी संगीत ऐकण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. 1881 साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर डावीकडे आणि उजवीकडे ट्रान्समीटर बसवले. प्रदर्शनातील श्रोते प्रत्येक कानाला एकेक रिसीव्हर धरून उभे राहत, आणि गायक रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे सरकला की ते त्यांना डोळ्यांनी न पाहताही कळत असे.

ही अनुभूती घरोघरी पोहोचायला 1958 साल उजाडावे लागले. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज वेगवेगळा मुद्रित केलेल्या स्टिरिओ तबकड्या तेव्हा नुकत्याच बाजारात येत होत्या. अमेरिकेतील मिलवॉकीचे जॉन कॉस यांनी एका ध्वनिप्रदर्शनात आपला सुटसुटीत रेकॉर्डप्लेअर मांडला आणि तो ऐकवण्यासाठी सोबत हेडफोनची जोडी ठेवली. लोकांनी प्लेअरपेक्षा हेडफोनच उचलून धरले. कॉस स्वतः जॅझचे कानसेन होते, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढच्याच दोन वर्षांत जपानच्या स्टॅक्सने विद्युतभारित, अतिशय पातळ पडद्याचे हेडफोन आणले. तारेचे वेटोळे जोडलेल्या पडद्याऐवजी केवळ हा हलका पडदाच थरथरत असल्याने व्हायोलिनच्या तारेवर गज टेकतो तो क्षणही स्वच्छ उमटू लागला. 1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने पिवळ्या स्पंजच्या गाद्या असलेला, मागील बाजू उघडी ठेवलेला एचडी 414 काढला आणि बंद डब्यात कोंडल्यासारखा येणारा आवाज मोकळा झाला. आजचे अनेक उंची हेडफोन याच उघड्या रचनेचे आहेत.

एक अडचण मात्र मूळ ध्वनिमुद्रणातच होती. तबकड्या स्पीकरसाठी तयार केल्या जात, आणि स्पीकरचा आवाज खोलीत मिसळून दोन्ही कानांपर्यंत पोहोचतो. हेडफोनवर डावे ते डावीकडेच राहते. त्यामुळे सुरुवातीच्या अनेक स्टिरिओ जॅझ ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन पूर्णपणे एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात अडकून पडतात. मोजक्या मायक्रोफोनवर मुद्रित केलेल्या वाद्यवृंदाला हा त्रास कमी होतो, कारण सभागृहाचा नाद दोन्ही बाजूंना आधीच पसरलेला असतो. यावर 1961 मध्ये ध्वनिअभियंते बेंजामिन बॉवर यांनी एका बाजूचा थोडा आवाज किंचित उशिराने दुसऱ्या बाजूला देणारे विद्युतमंडल सुचवले. त्याच तत्त्वावर चालणारी 'क्रॉसफीड'ची कळ आजही काही हेडफोन अॅम्प्लिफायरवर सापडते. त्या काळातील जॅझ ऐकताना ती चालू ठेवावी आणि सिम्फनीला बंद करावी, असे माझे मत आहे.

याच काळातले, 25 जून 1961 रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मुद्रित झालेले जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटाचे वादन चांगल्या हेडफोनवर ऐकले, की पियानोच्या हळुवार सुरांमागे श्रोत्यांच्या पेल्यांची किणकिण स्पष्ट ऐकू येते.