‘रिव्हॉल्व्हर’ : मूळ कोणते आणि नवे कोणते?

हेडफोन लावून बीटल्स या ब्रिटिश चौकडीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधले ‘टॅक्समन’ हे गाणे १९६६ च्या स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या, स्वरूपात ऐकले, तर गिटार, बेस आणि ड्रम ही तिन्ही वाद्ये डाव्या कानात दाटीवाटीने वाजत राहतात. २०२२ च्या आवृत्तीत तेच गाणे ऐकताना बेस आणि ड्रम समोर मध्यभागी येतात, गिटारला स्वतःची जागा मिळते आणि वादकांचा संच एका खोलीत मोकळेपणाने उभा राहिल्यासारखा वाटतो. या नव्या आवृत्तीला बोलीभाषेत सरसकट ‘रीमास्टर’ म्हटले जाते. तो शब्द इथे अपुरा आहे, आणि त्यामुळे या अल्बमच्या छप्पन्न वर्षांच्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग झाकला जातो. म्हणून आधी ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’ या दोन शब्दांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे.

गाणे मुद्रित होताना वेगवेगळी वाद्ये आणि आवाज टेपवरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, घेतले जातात. त्या ट्रॅकचे परस्परांशी प्रमाण ठरवून, कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे निश्चित करून त्यांचे एक सलग गाणे तयार करणे म्हणजे मिक्सिंग. तयार झालेले गाणे तबकडीवर, सीडीवर किंवा फाईलमध्ये उतरवण्यापूर्वी त्याची एकूण पातळी आणि स्वरांचा उजळपणा नीट करणे म्हणजे मास्टरिंग. रीमास्टर करणारा अभियंता तयार मिक्सला हात लावत नाही. तो त्यावरची धूळ झटकतो. रीमिक्स करणारा मात्र पुन्हा ट्रॅकपर्यंत मागे जातो आणि १९६६ मध्ये घेतलेले निर्णय नव्याने घेतो. ‘रिव्हॉल्व्हर’च्या बाबतीत २००९ मध्ये पहिली गोष्ट झाली आणि २०२२ मध्ये दुसरी. ती दुसरी गोष्ट इतकी उशिरा का झाली, याचे उत्तर १९६६ च्या वसंतात लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत काय घडले त्यात सापडते.

बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात मुद्रित झाली होती. ‘रिव्हॉल्व्हर’चे काम ६ एप्रिल १९६६ रोजी सुरू झाले आणि शेवटचे गाणे २१ जून रोजी पुरे झाले. पहिल्याच दिवशी हाती घेतलेले गाणे होते ‘टुमॉरो नेव्हर नोज’, जे अल्बममध्ये सर्वांत शेवटी येते. ध्वनी अभियंता म्हणून त्या दिवशी जेफ एमरिक हा अवघ्या वीस वर्षांचा तरुण खुर्चीत बसला होता. आधीचे अभियंते नॉर्मन स्मिथ निर्माता झाले होते, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांच्या जागी या मुलाची निवड केली. स्टुडिओच्या तेव्हाच्या शिस्तीत मायक्रोफोन वाद्यापासून ठरावीक अंतरावर ठेवण्याची पद्धत होती. एमरिकने तो मोठ्या ड्रमच्या अगदी जवळ आणला, ड्रमच्या आत एक लोकरी स्वेटर कोंबला आणि तो आवाज फेअरचाइल्ड कंपनीच्या लिमिटरमधून, म्हणजे आवाजाची उसळी आवरणाऱ्या यंत्रातून, दाबून घेतला. तो स्वेटर चार गळ्यांचा होता. चौघांना एकत्र घालता येईल असा. रिंगो स्टारच्या ड्रमला या अल्बममध्ये जो जवळचा, छातीवर आदळणारा आवाज मिळाला, त्याचे श्रेय रिंगोच्या हातांइतकेच त्या स्वेटरलाही द्यायला हवे.

त्याच गाण्यात जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्रपठण करणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. त्यासाठी हॅमंड ऑर्गनला जोडल्या जाणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून, ज्याच्या पेटीत ध्वनी गोल फिरवला जातो, लेननचा आवाज काढून पुन्हा मुद्रित केला गेला. आपला आवाज दाट व्हावा म्हणून तेच गाणे दोनदा अचूक गाण्याचा लेननला कंटाळा होता. त्यावर स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी उपाय शोधला: आवाजाची एक प्रत दुसऱ्या टेप यंत्रावर पाठवायची, त्या यंत्राचा वेग किंचित खाली-वर करायचा आणि ती क्षणभर मागे-पुढे सरकलेली प्रत मूळ आवाजात मिसळायची. ही युक्ती पुढे जगभरच्या स्टुडिओंत वापरली गेली. गाण्यात ऐकू येणारे चित्रविचित्र ध्वनी म्हणजे टेपचे तुकडे टोकाला टोक जोडून केलेली वेटोळी होती. अशी पाच वेटोळी इमारतीतल्या पाच यंत्रांवर एकाच वेळी फिरत ठेवली गेली, टेप ताणलेली राहावी म्हणून माणसे ती पेन्सिलीने धरून उभी राहिली, आणि मिक्सिंगच्या टेबलावर कधी एक तर कधी दुसरे उघडून तो सारा खेळ त्याच क्षणी एका ट्रॅकवर उतरवला गेला. तिथे कोणता ध्वनी केव्हा येईल हे त्या दुपारच्या बोटांनी ठरवले, आणि नंतरच्या कोणत्याही आवृत्तीला ते बदलता येण्यासारखे नव्हते.

पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ इथेच आहे. स्टुडिओत स्टुडर कंपनीची जी यंत्रे होती, त्यांवर इंचभर रुंद टेपवर फक्त चार ट्रॅक मावत. चार भरले की ते दुसऱ्या टेपवर एक किंवा दोन ट्रॅकमध्ये एकत्र उतरवायचे आणि उरलेल्या जागेत नवे घ्यायचे. ‘एलिनॉर रिग्बी’साठी चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो असा आठ वादकांचा ताफा २८ एप्रिल रोजी बसवला गेला. ती वाद्ये चार ट्रॅकवर घेतली गेली खरी, पण पॉल मॅककार्टनीच्या गायनासाठी जागा करायची म्हणून एकाच ट्रॅकमध्ये आवळली गेली. ‘टॅक्समन’मध्ये तर गिटार, बेस आणि ड्रम सुरुवातीपासूनच एका ट्रॅकवर होते. एकदा असे शिजल्यावर खिचडीतली डाळ आणि तांदूळ वेगळे करता येत नाहीत, असेच तेव्हाच्या प्रत्येक अभियंत्याने सांगितले असते.

यात आणखी एक गोष्ट मिसळली. १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या बहुसंख्य घरांतला ग्रामोफोन मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीतून देणारा, होता. त्यामुळे वेळ आणि लक्ष मोनो मिक्सवर खर्च होत असे. स्टिरिओ मिक्स नंतर, घाईने उरकले जाई. त्याच्या खुणा आजही ऐकू येतात. ‘एलिनॉर रिग्बी’च्या स्टिरिओ आवृत्तीत पहिले कडवे सुरू होताना नायिकेच्या नावाच्या सुरुवातीला आवाज क्षणभर दुहेरी राहतो आणि मग एकदम एकेरी होऊन उजव्या बाजूला सरकतो, टाउनसेंडची युक्ती बंद करायला कोणाचा तरी हात उशिरा पोहोचला. ‘आय्’म ओन्ली स्लीपिंग’मधले उलटे वाजणारे गिटार मोनो आणि स्टिरिओत वेगवेगळ्या जागी येते. ‘गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ’चा शेवट मोनोत अधिक लांब आहे आणि तिथे मॅककार्टनीच्या वेगळ्या तानाही ऐकू येतात. म्हणजे ५ ऑगस्ट १९६६ रोजी अल्बम बाजारात आला, त्या दिवशीच ‘रिव्हॉल्व्हर’ दोन होते.

खरे तर तीन होते. जॉर्ज मार्टिन यांनी ‘टुमॉरो नेव्हर नोज’चे आधी निवडलेले अकरावे मोनो मिक्स ऐन वेळी रद्द करून आठवे घ्यायला सांगितले, पण तोपर्यंत काही तबकड्या छापून बाहेर पडल्या होत्या. त्या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूच्या आतल्या गुळगुळीत कड्यावर ‘एक्सईएक्स ६०६-१’ असा क्रमांक कोरलेला असतो, आणि संग्राहक आजही जुन्या दुकानांत तबकडी उजेडात तिरकी धरून तो शोधत असतात. अमेरिकेत तर बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या कॅपिटल कंपनीने चौदाऐवजी अकराच गाणी ठेवली. लेननची तीन गाणी तिने आधीच दुसऱ्या अल्बमात वापरून टाकली होती, आणि त्यामुळे तिथल्या श्रोत्यांना हा अल्बम बरीच वर्षे तुटकाच माहीत होता.

मराठी वाचकाला या अल्बममधले ‘लव्ह यू टू’ हे गाणे वेगळ्या कारणाने जवळचे वाटेल. जॉर्ज हॅरिसनने ११ एप्रिल रोजी ते सुरू केले आणि साथीसाठी लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलकडून, म्हणजे अयाना अंगडी यांनी उभ्या केलेल्या संस्थेकडून, वादक बोलावले. तबल्यावर होते अनिल भागवत. रविशंकरांच्या पद्धतीचे, सोळा मात्रांचे काहीतरी वाजवावे असे हॅरिसनने सुचवले, आणि बाकी उपज भागवतांवर सोपवली. गाण्याची सुरुवात ठेक्याशिवाय, सतारीच्या छोट्याशा आलापीने होते, मग तबला येतो, आणि शेवटी लय वाढते. मैफलीतला विलंबिताकडून द्रुताकडे जाणारा प्रवास तीन मिनिटांत बसवण्याचा तो प्रयत्न होता, आणि माझ्या मते तो केवळ सजावटीचा नाही, कारण गाण्याचा सांगाडाच आपल्या पद्धतीचा आहे. बीटल्सच्या तबकड्यांच्या वेष्टनावर बाहेरच्या साथीदारांची नावे सहसा छापली जात नसत; इथे मात्र गाण्यापुढे भागवतांचे नाव छापलेले आहे. हॅरिसनची रविशंकरांशी भेट त्यानंतर जूनमध्ये झाली, जुलैत दिल्लीतल्या रिखी राम यांच्या दुकानातून त्याने सतार घेतली आणि सप्टेंबरमध्ये शिकण्यासाठी तो मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. ‘लव्ह यू टू’ हे त्या शिक्षणाच्या आधीचे, कानाने उचललेले काम आहे.

मोनो तबकड्या साठच्या दशकाच्या अखेरीस मागे पडल्या आणि घाईने केलेले स्टिरिओ मिक्सच पुढच्या पिढ्यांसाठी ‘मूळ’ ठरले. ३० एप्रिल १९८७ रोजी अल्बम प्रथम सीडीवर आला. त्याच दिवशी आलेल्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ यांचे मिक्स जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केले होते. ‘रिव्हॉल्व्हर’चे मात्र १९६६ चेच ठेवले. त्या सीडीने अमेरिकेतल्या श्रोत्यांना चौदा गाण्यांचा पूर्ण अल्बम दिला, पण आवाजाने ती कोरडी आणि बारीक वाटे.

खऱ्या अर्थाने रीमास्टर म्हणावे असे काम ९ सप्टेंबर २००९ रोजी लोकांसमोर आले. ॲबी रोडमधल्या अभियंत्यांनी त्यावर चार वर्षे घालवली होती. मास्टर टेपवरून, म्हणजे अंतिम मिक्सच्या मूळ टेपवरून, एकेक गाणे स्वतंत्रपणे संगणकात उतरवले गेले. ईएमआयची टेप नंतरच्या काळातल्या काही टेपांप्रमाणे झडत नव्हती, तरी यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, हळूहळू धूळ साचतेच, म्हणून प्रत्येक गाण्यानंतर हेड पुसले जात होते. विजेचे टकटक आवाज, मायक्रोफोनवर आदळलेला श्वास, ‘स’चा अतिरेक अशा गोष्टी सुधारल्या गेल्या. खरखर काढण्याची यंत्रणा मात्र बीटल्सच्या एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतात पाच मिनिटांहूनही कमी वापरली गेली. त्या काळी जुने संगीत साफ करण्याच्या नावाखाली त्याचा प्राणच काढून घेणाऱ्या आवृत्त्या सर्रास निघत होत्या. त्या पार्श्वभूमीवर हा संयम मला या कामाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. त्याच वेळी मोनो मिक्सचाही स्वतंत्र संच निघाला, आणि २०१४ मध्ये तेच मोनो मिक्स डिजिटल टप्पा पूर्ण टाळून, थेट टेपवरून तबकडीवर कोरले गेले. ‘रिव्हॉल्व्हर’ एकदाच ऐकायचा असेल, तर मी ती तबकडी पुढे करीन.

मग २०२२ मध्ये नवे काय घडले? जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी २०१७ पासून बीटल्सच्या उत्तरार्धातल्या अल्बमांचे नवे मिक्स करण्यास सुरुवात केली होती, पण ‘रिव्हॉल्व्हर’पाशी ते अडले होते. ‘टॅक्समन’मधली तीन वाद्ये एकाच ट्रॅकवर असताना नवे मिक्स करणार तरी कशाचे? वाट अनपेक्षित दिशेने निघाली. पीटर जॅक्सन यांनी ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी १९६९ च्या मोनो टेपमधले संभाषण गिटारच्या आवाजातून वेगळे करण्याची यंत्रणा आपल्या न्यूझीलंडमधल्या कंपनीत विकसित करवली होती. एमिल डी ला रे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या संगणकीय पद्धतीला वाद्यांचे आणि गळ्यांचे आवाज ओळखायला शिकवले गेले होते. तिने ‘टॅक्समन’च्या त्या एका ट्रॅकमधून गिटार, बेस आणि ड्रम वेगळे काढले, इतकेच काय, ड्रमच्या संचातला मोठा ड्रम आणि स्नेअर हा छोटा ड्रमही सुटे केले. खिचडीतले दाणे खरोखरच निवडता आले. त्या सुट्या आवाजांवरून जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी केलेले मिक्स २८ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रसिद्ध झाले.

या मिक्सबद्दल माझे मत संमिश्र आहे. ‘टॅक्समन’ आणि ‘एलिनॉर रिग्बी’ यांना त्याने निःसंशय न्याय दिला. आठ तंतुवाद्यांची धार इतकी जवळून पूर्वी ऐकू येत नव्हती. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ला मात्र त्या मोकळ्या जागेची गरज नव्हती. त्या गाण्याचा जोर सगळे ध्वनी एकाच बिंदूतून अंगावर येण्यात आहे, आणि तो मोनोतच टिकतो. या नव्या मिक्सबरोबर निघालेल्या संचाच्या मोठ्या आवृत्तीत १९६६ चे मोनो मिक्स जसेच्या तसे समाविष्ट केले, हे त्यामुळे फार योग्य झाले.

त्याच संचात ‘रेन’ या गाण्याची एक टेपही आहे. हे गाणे अल्बममध्ये नव्हते, पण त्याच सत्रांत एप्रिलमध्ये मुद्रित होऊन जूनमध्ये ‘पेपरबॅक रायटर’ या गाण्याच्या मागच्या बाजूला आले. त्यातला ड्रमचा जड, पाण्यातून चालल्यासारखा डौल कित्येक दशके ड्रमवादकांना भुरळ घालत आला आहे. प्रत्यक्षात चौघांनी ते बरेच जलद वाजवले होते आणि टेप सावकाश फिरवून तो डौल आणला होता. २०२२ च्या संचात ते प्रथमच वाजवले गेले त्या वेगाने ऐकायला मिळते, आणि रिंगोचे हात त्या दिवशी प्रत्यक्षात किती भराभर चालत होते ते कळते.