मद्रासचा हिरवा सूर्य

सप्टेंबर १८८३ च्या दुसऱ्या आठवड्यात मद्रासेत सूर्य क्षितिजाजवळ आला की हिरवा दिसू लागला. सिलोनमध्येही तेच. एरवी डोळे दिपवणाऱ्या त्या बिंबाकडे सरळ बघता येत होतं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या चार्ल्स मिची स्मिथ यांनी या हिरव्या उन्हाचा वर्णपटच, म्हणजे त्यातल्या रंगांचा पट्टा, तपासला. पुढे १८९९ साली कोडाइकनालच्या वेधशाळेचे पहिले संचालक झाले ते हेच.

कारण हजारो किलोमीटर दूर होतं. २७ ऑगस्टला सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, छत्तीस हजारांवर माणसं गेली, आणि बारीक राख व गंधकाचे वायू ढगांच्याही कितीतरी वर पोचले.

रोजचं आकाश निळं का, याचं गणित इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्येच मांडलं होतं. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून फारच लहान, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. मावळतीला किरणांना हवेचा लांबलचक थर ओलांडावा लागतो, वाटेत निळा गळतो आणि तांबडा उरतो. पण कण तरंगलांबीएवढे आणि साधारण एकाच मापाचे असले तर हिशेब उलटतो. तांबडा जास्त विखुरतो आणि सूर्य हिरवा-निळा होतो.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हवाईतल्या होनोलुलूच्या सेरेनो बिशप या धर्मोपदेशकाचं काम. ५ सप्टेंबरला त्यांना सूर्याभोवती फिकट निळसर, कडेला तांबूस असं कडं दिसलं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखतात. ते तिथे थांबले नाहीत. असे रंग कुठे, कोणत्या तारखेला दिसले ते त्यांनी जुळवत नेलं, आणि लक्षात आलं की धूर विषुववृत्तालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे धावतोय. दोनेक आठवड्यांत त्याने पृथ्वीला फेरा घातला होता. तिथवर पोचायचं कुठलंच साधन नसताना इतक्या उंचावरचा वारा माणसाने नुसत्या रंगांवरून ओळखला!

नोव्हेंबरअखेर न्यूयॉर्कजवळच्या पोकीप्सीत मावळतीची लाली पाहून आगीचे बंब धावले. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचा क्राकाटोआवरचा जवळपास ५०० पानी अहवाल १८८८ साली आला.

तरंगलांबीएवढ्या कणांचं नेमकं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये दिलं. २६ सप्टेंबर १९५० ला कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे स्कॉटलंडवर सूर्य निळा झाला, तेव्हा एडिंबरोच्या वेधशाळेतही वर्णपट घेतला गेला. या वेळी त्यावरून कणांचं मापही काढता आलं: मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग.