गाणी नेमकी कधी बिघडली?

‘हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही’ हे वाक्य मराठी घरात कधीही ऐकू येतं. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मांडवात किंवा रिक्षातल्या स्पीकरवर काहीतरी वाजायला लागलं, की कुणीतरी ते म्हणतंच. तक्रार खरी की खोटी, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ती आली कुठून, हे पाहणं जास्त मजेचं आहे.

माझ्याकडे रद्दीतून उचललेली जुन्या संगीत नाटकांची दोन-तीन पुस्तकं आहेत. पानं पिवळी पडलीत आणि कडा हात लावला की झडतात. त्यांत पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुढे लिहिलेलं असतं ‘चाल’. या ‘चाली’पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. म्हणजे हे पद अमुक ठुमरीवर किंवा तमुक लावणीवर बसवलंय, हे पुस्तकच सांगून टाकतं. लपवाछपवी नाही, ओशाळणंही नाही. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं आणि तिथून जी परंपरा सुरू झाली, तिचा पायाच असा होता. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या आणि अण्णासाहेबांच्या कानावर लहानपणापासून असलेली कानडी गाणी, सगळं त्यात आलं. पुढे 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग मराठी रंगभूमीवर चढला. आज आपण ज्याला अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणतो, त्यातला बराच माल बाहेरगावचा आहे. तो आपला झाला बालगंधर्वांच्या गळ्यातून आणि मराठी शब्दांच्या वजनातून. त्यामुळे ‘मूळची चाल कुणाची?’ या कसोटीवर आजच्या गाण्यांना नापास करणाऱ्याने आजोबांच्या गाण्यांनाही त्याच पेपरला बसवावं.

त्या काळीही कुरकुर होतीच. एकेका पदाला वन्समोअर मिळत, नाटक पहाटेपर्यंत चाले आणि कथानक तिथल्या तिथे उभं राही. गाण्याने नाटक खाल्लं, हा आरोप त्यातूनच आला. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात मोजकीच पदं ठेवली. केशवराव भोळ्यांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांचा आवाज असं ते हलकं, भावाला धरून चालणारं गाणं होतं. ताना-पलट्यांवर वाढलेल्या कानांना ते नक्कीच पातळ लागलं असणार.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. ग्रामोफोनच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारं नाटक तीत बसणार कसं? पण एक कविता बसू शकत होती. ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ जी. एन. जोशींनी गायली आणि तबकडीवर ती घरोघरी पोचली. भावगीताची सुरुवात सांगताना बहुतेक जण याच गाण्याचं नाव घेतात. पुढे गजानन वाटवे गणेशोत्सवाच्या मांडवांत पेटी घेऊन एकटे बसत आणि कवींच्या कविता हजारोंना ऐकवत. भावगीत हा प्रकार कवींमुळे जन्मला असं आपण म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्याची लांबी ठरवली ती यंत्राने.

आता त्या माणसाकडे येऊ ज्याने ‘गाणी बिघडली’ ही तक्रार थेट सरकारी धोरणात बदलली. तो मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षं त्या खुर्चीत राहिले. हिंदी सिनेमाची गाणी उथळ आहेत, पाश्चात्त्यांची नक्कल आहेत आणि लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी सिनेसंगीतावर कात्री चालवली, निर्मात्यांशी बिनसलं आणि शेवटी ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गायब झाली. (आकाशवाणीवर हार्मोनियमला तर 1940 पासूनच बंदी होती, आणि ती तीसएक वर्षं टिकली. शुद्धतेचा सोस आपल्याकडे नवा नाही.) श्रोते मात्र शुद्ध व्हायला थांबले नाहीत. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. 1952 च्याच डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत शिरला. अखेर 1957 साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

केसकरांना खटकणारी गाणी तरी कोणती होती? 1951 च्या ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ घ्या. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्या वाद्यमेळातले ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट बहुतांशी गोव्याहून आलेल्या वादकांच्या हातात होते. चर्चमध्ये नोटेशन शिकून मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारी ही मंडळी सकाळी स्टुडिओत येत. पडद्यावर बहुतेकांचं नावही येत नसे. त्या वेळी ही सगळी नक्कल ठरली होती. आज ‘सुवर्णकाळ’ नावाच्या कार्यक्रमात हेच गाणं लागलं, की सत्तरीचे काका खुर्चीवर ताल धरतात आणि ‘याला म्हणतात संगीत’ असं शेजारच्याला सांगतात.

केसकरांना नुसतं हसून मोकळं होणं मात्र अन्यायाचं आहे. सिनेगीतांना पर्याय हवा म्हणून आकाशवाणीने केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे केले. कवी, संगीतकार आणि वादक यांना नियमित काम मिळू लागलं. पुणे केंद्रावर सीताकांत लाडांनी ‘गीतरामायण’ करायला घेतलं ते याच वर्षांत. 1 एप्रिल 1955, रामनवमी. दर आठवड्याला एक गीत, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नऐवजी छप्पन्न गीतं झाली. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, गदिमांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, असा किस्सा सांगतात. किस्सा बाजूला ठेवला तरी दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल आणि नवी ध्वनिमुद्रणं, हे वर्षभर चालवणं म्हणजे मागे संस्था लागते. मराठी सुगम संगीताचा जो काळ आज आपल्याला सोन्याचा वाटतो, त्याच्या मागे पगारी वादक, सरकारी स्टुडिओ आणि निवड करणारे निर्माते होते. श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर या संगीतकारांची प्रतिभा त्यांची स्वतःची होतीच, पण तिला हे अंगण मिळालं होतं.

त्या अंगणाला कुंपणही होतं. आवाजाची चाचणी, शब्दांची चाळणी, ‘हे आमच्याकडे चालत नाही.’ वामनदादा कर्डकांची आंबेडकरी गीतं गावोगाव गायली जात होती, प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज कव्वालीच्या मुकाबल्यांत घुमत होता. पण ‘मराठी गाणं’ म्हटलं की जी यादी मध्यमवर्गाच्या ओठांवर येई, तिच्यात हे क्वचितच असे. कुंपण मोडलं ते कॅसेटने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखातातून येणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर दिसू लागले आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली, की गाणं काढायला मोठ्या कंपनीची कृपा लागेना. भीमगीतं, कोळीगीतं, भक्तिगीतं आणि आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट’ टपरीटपरीवर वाजू लागले. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या बाहेर कॅसेटची दुकानं लागत, आणि त्यांतली गाणी कुठल्याही चाचणीला बसलेली नव्हती.

‘दर्जा घसरला’ ही ओरड मोठी झाली ती याच काळात. मला तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात. एक, जे आधीपासून होतं पण आपल्या कानांपर्यंत येत नव्हतं, ते येऊ लागलं. याला घसरण म्हणणं म्हणजे दार उघडल्यावर थंडी वाढली असं म्हणण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट मात्र खरी. स्वस्ताईबरोबर घाई आली. गाजलेल्या गाण्याची चाल उचलायची, शब्द बदलायचे आणि आठवड्यात कॅसेट बाजारात. जुन्या हिट गाण्यांच्या दुसऱ्या गायकांच्या आवाजातल्या आवृत्त्यांना त्या वेळचा कॉपीराइट कायदा मोकळीकही देत होता. 2012 च्या दुरुस्तीत ती बरीच आवळली गेली.

याच 2012 साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी 1955 ते 2010 या काळातली साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य गाणी संगणकाने तपासली. त्यांना सुरांच्या जुळण्या कमी वैविध्याच्या झालेल्या दिसल्या, आवाजाचे पोत एकसारखे आणि ध्वनिमुद्रणं जास्त मोठ्या आवाजाची. हा अभ्यास आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा ‘विज्ञानानेच सिद्ध केलं’ असं म्हणून फिरतो. पण सुरांच्या जुळण्या मोजणं वेगळं आणि गाण्याचा दर्जा मोजणं वेगळं. ओवीत सूर किती असतात? चार-पाच.

आज तबकडीच्या जागी मोबाइल आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकलं म्हणून मोजलं जातं, आणि रीलला तर त्याहून कमी वेळ लागतो. म्हणून सुरुवातीचं वाद्यसंगीत आखडलं आणि ध्रुवपद पहिल्याच श्वासात आलं. 2024 चं ‘गुलाबी साडी’ ऐका, ओळ कशी थेट अंगावर येते. तीन मिनिटांनी भावगीत घडवलं, तसंच तीस सेकंदांतूनही काहीतरी घडतंय. मला हळहळ वाटते ती शब्दांची. बोरकर, आरती प्रभू, ग्रेस यांची आधी छापलेली कविता उचलून तिला चाल लावायची, ही सवय मागे पडली. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या कार्यक्रमांना झालेली गर्दी सांगते की ऐकणारे आहेत. पण आता बहुतेक वेळा चाल आधी तयार असते आणि शब्द तिच्या मापाने शिवले जातात.

2006 साली ‘जत्रा’ आला तेव्हा आमच्या एका नातेवाइकांनी ‘कोंबडी पळाली’ लागताच टीव्ही बंद केला होता. त्यांना त्यातल्या गल्लीतल्या बेंजो पार्टीच्या ठेक्याची चीड होती. अजय-अतुल या जोडीने पुढे तीच चाल हिंदीत ‘चिकनी चमेली’ म्हणून नेली, आणि ‘सैराट’साठी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाजवून घेतली. गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत ‘जुनी गाणी’ अशी एक फेरी ठेवली होती. नववीतल्या एका मुलीने त्यात ‘कोंबडी पळाली’ म्हटलं. परीक्षक म्हणून बसलेल्या याच नातेवाइकांनी तिला दहापैकी नऊ गुण दिले.